नव्वदची जागा

सरावाच्या मैदानाला लागून, चेंडू मारायच्या चटयांची रांग जिथं संपते तिथं, पत्र्याच्या छपराचं एक लांबोडकं दुकान आहे. दुकान आपलं म्हणायचं. विकायला तिथं काहीच नाही. गोल्फच्या काठ्या खिळखिळ्या झाल्या, वाकल्या, मालकाशी फटकून वागायला लागल्या की इथं येतात. मिस्त्री होता तोवर त्याच्याकडे येत, आता त्याच्या बायकोकडे येतात. क्लबातले सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणतात. तिला हे काम कुणी शिकवलं नाही. वीस वर्षं नवरा करायचा आणि ती बघायची. दुपारी जेवून तो घटकाभर आडवा झाला की ती काठी आवळून धरायच्या शिकंज्यापाशी जाऊन करून बघायची. उठल्यावर तो विचारायचा, "याला हात कुणी लावला?" ती म्हणायची, "मांजरानं." पुढं पुढं तो अवघड काम मुद्दाम अर्धवट अडकवून जेवायला जायला लागला. मांजरासाठी.

त्या दिवशी दुपारी दातांचे डॉक्टर पिशवी घेऊन आले.

"बाई, चाळीस वर्षं लोकांच्या दातांतल्या फटी बुजवल्या. माझ्या पिशवीतली ही एक फट काही बुजत नाही बघा."

काठीच्या तोंडाचा कल जितका जास्त, तितका चेंडू उंच उडतो आणि जवळ पडतो. हिरवळीजवळ आल्यावर वापरायच्या ज्या आखूड, तिरप्या तोंडाच्या काठ्या, त्यांना वेज म्हणतात. डॉक्टरांची एक वेज शंभर मीटर जायची आणि तिच्या खालची एकदम ऐंशी. मधल्या नव्वदला त्यांच्यापाशी काठीच नव्हती.

"वयानं होतं," ती म्हणाली.

"वयानं सगळंच आखूड व्हायला हवं. नेमकं मधलंच कसं गेलं?"

"दात नाही का मधलाच पडत?"

डॉक्टर आपले सगळे दात दाखवून हसले आणि पिशवी ठेवून गेले. मिस्त्रीणबाई मात्र हसली नाही. ती फट तिनंच पाडली होती. डॉक्टरांच्याच नाही, क्लबातल्या झाडून साऱ्या पिशव्यांत पाडली होती.

तीन वर्षांपूर्वी मिस्त्री गेला तो मैदानावरच. ऐंशीची पाटी होती, शंभरची होती. मधे नव्वदची रोवायची म्हणून तो सकाळी पहार घेऊन गेला आणि खड्डा खणायच्या आधीच गुडघ्यांवर खाली बसला. बसला तो बसलाच. पंधराएक दिवसांनी तिनं दुकान उघडलं, तेव्हा मैदानभर दव पडलं होतं. त्या पांढुरक्या गवतात, नव्वदवर, दोन कोरडे डाग होते. ती चालत गेली. बुटांच्या मापाचे डाग. डावा सरळ, उजवा बदकासारखा बाहेर वळलेला. आजूबाजूला येणारं-जाणारं पाऊल एकही नाही. तो माणूस आयुष्यभर तसाच उभा राहायचा.

ती घाबरली नाही, असं सांगणं खोटं होईल.  पण दुसऱ्या दिवशी दवात डाग दिसेनात तेव्हा ती त्याहून जास्त घाबरली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दिसले तेव्हा तिनं लांबूनच विचारलं, "चहा घेतलात का?" उत्तर आलं नाही. पूर्वीही सकाळच्या वेळी येत नसे.

मग एकदा बाहेरगावच्या कुणा पाहुण्यानं संध्याकाळभर नव्वदवर चेंडू टाकले. नेमून, एकाच जागी, टपाटप. सकाळी बघते तर बुटांचे डाग नाहीत. त्यांच्या जागी दोन वाटोळे डाग, गुडघ्यांएवढे, आणि पुढं हात टेकल्यासारखी एक खूण. तो असाच पडला होता त्या दिवशी. चेंडू लागून पुन्हा पडला, असं तिच्या मनानं घेतलं, आणि जे घेतलं ते कायमचं.

त्या दिवसापासून तिच्या हाताखालून गेलेली एकही वेज नव्वद मीटर गेली नाही. कोण किती लांब मारतो हे ती वहीत टिपून ठेवायची, आणि ज्याची काठी नव्वदला पोचेल तिची मान शिकंज्यात धरून दोन-तीन अंश इकडं नाही तर तिकडं वाकवायची. इतक्या नेकीनं लबाडी कुणी केली नसेल. ओढूनताणून मारलेला एखादा चेंडू जायचाही तिथं. पण तो चुकून, नेमून नव्हे. चुकून आलेल्याला बाजूला होता येतं.

संध्याकाळी लेक आली. मोठ्या शिबिरात असायची ती, लांब. दोन दिवसांनी निवडीची स्पर्धा होती आणि यादीत फक्त सहा नावं लागणार होती. चार वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. मिस्त्रीणबाई पाणी भरून आली तशी लेकीनं पिशवी टेबलावर उपडी केली. खडखडाट झाला.

"मोज."

"आधी हातपाय धू, कार्टे."

"आई, मोज."

मिस्त्रीणबाईनं मोजल्या. लांब मारायच्या चार, म्हणजे ड्रायव्हर, दोन वूड आणि एक हायब्रिड, मग पाच ते नऊ नंबरच्या लोखंडी काठ्या, चार वेज, आणि चेंडू भोकात ढकलायचा पटर. चौदा. चौदाच्या वर एकही चालत नाही, दंड बसतो.

"आता या चौघी बघ," लेक म्हणाली. "पहिली जाते एकशे दोन. दुसरी सत्त्याण्णव. तिसरी ब्याऐंशी. चौथी सत्तर. पहिल्या दोघी एकमेकींच्या डोक्यावर बसल्यात आणि मधे पंधरा मीटरचं भगदाड."

"नव्वद राहतं तरी किती वेळा?"

"त्या मैदानावर तीन होलला. रोज. दोन दिवसांत सहा वेळा. आणि पहिला नंबर आणि सातवा नंबर यांच्यात चार फटक्यांचा फरक असतो."

"अर्ध्या हातानं मार मग. एवढी शिकतेस तिथं."

"शांत असते तेव्हा मारते. हात कापत असतात तेव्हा पुरी घुमवता येईल अशी काठी लागते. हे वाक्य बाबांचं आहे, माझं नाही."

आईनं विषय लांबच्या काठ्यांवर न्यायचा प्रयत्न केला. "तुझी खरी गोची पाच-वूडमध्ये आहे. वाऱ्यात ती—"

"पाच-वूडला मधे आणू नकोस." लेकीनं दुसरी वेज उचलून तिचा तळ आईपुढं धरला. "यावर बावन्न अंशांचा ठोकलेला शिक्का आहे. शिबिरातल्या यंत्रावर एकोणपन्नास भरली. तिथला माणूस लगेच सरळ करून देत होता. मी म्हटलं, थांबा, आधी आईला विचारते."

मिस्त्रीणबाई टेबलावरच्या काठ्या उगाच ओळीत लावायला लागली.

"आणि मघाशी तू पाणी भरायला गेलीस ना," लेक हलकेच म्हणाली, "तेव्हा मी रॅकवरच्या सात पिशव्या तुझ्या वहीशी ताडून मोजल्या. सगळ्यांना नव्वदला भोक आहे. दातवाल्या काकांनासुद्धा. आई, काय चाललंय काय तुझं?"

"दे इकडं. करते सरळ."

तिनं वेज शिकंज्यात आवळली, मानेला पितळी दांडा लावला आणि भार दिला. हे काम तिनं हजार वेळा केलं असेल. पण ही मान तीन वर्षांत चारदा वाकली होती. लेक लांब मारायला लागली तशी फट सरकू नये म्हणून प्रत्येक सुट्टीत. टक्क झालं. बारीकसा आवाज, काडी मोडल्यासारखा. मानेभोवती केसाएवढी चीर गेली आणि काठीचं तोंड शिकंज्यात लटकून राहिलं.

लेक रडली नाही. तिनं उरलेल्या काठ्या एकेक करून पिशवीत ठेवल्या. "तेरा," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली. ते बघणं रडण्यापेक्षा वाईट होतं.

मग मिस्त्रीणबाईनं सांगितलं. सगळं, दवातले बूट, बदकासारखा उजवा पाय, पाहुण्याचे चेंडू. पाठ फिरवून सांगितलं, कारण तोंडावर सांगण्यासारखं ते नव्हतंच. "तू म्हणशील आईला वेड लागलं. लागू दे. पण तुझ्या हातानं त्यांच्या अंगावर चेंडू टाकायला मी काठी करून देऊ? कसं व्हावं माझ्याच्यानं?"

 लेकीनं विचारलं ते भलतंच. "गुडघे दोन?"

"दोन."

"आणि हात एकच. उजवा. सगळा पंजा, की नुसता अंगठा?"

मिस्त्रीणबाई वळली. "अंगठाच. खोलवर."

"आई, बाबा पडले नव्हते." लेक उठून उभी राहिली होती. "तू इकडं पाठ करून कामात असायचीस, तुला कसं दिसणार? मी मारायचे तेव्हा ते तिथं जाऊन थांबायचे. चेंडू पडला की गुडघ्यावर बसायचे आणि त्या खळग्यात अंगठा घालून बघायचे. किती उतरता आला ते. म्हणायचे, यंत्राला कळतं त्याच्या आधी अंगठ्याला कळतं. रोज बसायचे. मी लहान होते तेव्हापासून."

तीन वर्षं. तीन वर्षं तिनं त्या माणसाला निगुतीनं उपाशी ठेवलं होतं.

ती खालच्या खणाशी वाकली. जुन्या ग्रिप, गंजलेले स्क्रू, त्यांच्या तळाशी जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो गेला त्या सकाळी शिकंज्यात अडकवलेलं वेजचं तोंड. हातानं घासलेलं, तळावर शिक्का न ठोकलेलं. तिनं तेव्हा ते बघितलं होतं, कुणासाठी ते कळलं होतं, आणि बघवेना म्हणून गाडून टाकलं होतं. आता तिनं ते कल मोजायच्या साच्यात बसवलं. बावन्न. केसाचाही फरक नाही.

"पाटी आणि ही," ती म्हणाली, "एकाच दिवशी करायची होती त्यांना."

"मग ते थांबलेत कशासाठी, आई?"

मिस्त्रीणबाईनं शिकंजा सैल केला. मोडक्या काठीची दांडी काढली, साफ केली, नव्या तोंडात एपॉक्सीचा गोंद भरून बसवली आणि सुकायला उभी केली. लेकीनं पिशवीतली मधली जागा मोकळी ठेवून बाकीच्या तेरा लावल्या.

सकाळी दव होतं. चटईवरून नव्वदचे दोन डाग स्पष्ट दिसत होते, पांढऱ्या चादरीवर कुणी बूट ठेवून उचलल्यासारखे. लेकीनं ते पहिल्यांदाच बघितले.  "उजवा पाय," ती कुजबुजली.

"मी जाते तिकडं," आई म्हणाली.

"वेडी आहेस का? मारणार आहे मी!"

"म्हणूनच जाते. माझ्या अंगावर मारू नकोस म्हणजे झालं. तेवढी शिकली असशील."

ती दवातून चालत गेली. डागांपासून चार पावलांवर उभी राहिली. तिथं गारठा वेगळा नव्हता, वासही नव्हता. फक्त वारा तिच्यापर्यंत यायचा आणि पुढं काही अंतर तोडून मग पलीकडच्या गवतात हलायचा. मधे जणू काही उभं होतं, वारा अडवून.

"अहो," ती म्हणाली, "पोर मारतेय. तुमचीच काठी आहे." जरा थांबून तिनं आणखी एक सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय तिला तिथं उभं राहता येईना. "माझं चुकलं."

चटईवरून बारीकसा आवाज आला. चेंडू वर गेला, फार वर, आकाशात मिळून दिसेनासा झाला. ती डोकं झाकायलाही विसरली. मग तो आला. दोन डागांच्या बरोबर मधे पडला, एकदा उडाला, आणि जिथल्या तिथं थांबला. दुसरा त्याच्यापासून हातभर. तिसरा. चौथा. ती सगळा वेळ तिथंच उभी होती. तिनं डोळ्यांनी काही बघितलं नाही, हे ती शपथेवर सांगते. फक्त दोन डागांच्या जागी गवत एकदम खाली दबलं, हळूहळू, जड माणूस बसावा तसं. आणि ओळखीचा कट्ट आवाज तिला ऐकू आला. त्याचा डावा गुडघा बसताना वाजायचा.

लेक धावत आली. दोघी वाकल्या. चेंडू पडून मातीला चार खळगे पडले होते. चारही खळग्यांत, तळाशी, एकेका अंगठ्याचा ठसा. ठशाच्या मधून उभी रेघ. लेक पाच वर्षांची असताना ग्राइंडरवर त्याचा अंगठा उभा चिरला होता आणि तो व्रण तसाच राहिला होता.

"बाबा," लेक म्हणाली, तोंडात मारल्यासारख्या आवाजात. मग तिनं आपला अंगठा एका ठशात ठेवून बघितला, घाईनं काढला, आणि तो हात किती तरी वेळ दुसऱ्या हातात धरून ठेवला. "गरम आहे, आई."

दहाच्या गाडीनं ती गेली. चौदा काठ्या घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्वदवर काही नव्हतं. दव सलग, अंथरल्यासारखं. मिस्त्रीणबाई चटईपाशी उभी राहिली. आपणच पाठवलं. बरं झालं, ती स्वतःला म्हणाली, त्यासाठीच तर केलं. पण म्हणण्यानं काही होत नव्हतं. मग दुकानामागून तिनं नव्वदची पाटी आणली, पहार आणली, आणि जागा मोकळी झाली म्हणून खणायला लागली. पाटी उभी करून कंबर सरळ केली आणि दुकानाकडं वळून बघितलं.

मधे डाग होते. ती येताना ज्या वाटेनं आली, तिच्या बाजूलाच. डावा सरळ, उजवा बाहेर. टोकं दुकानाकडं.

तिनं चटईपासूनचं अंतर पावलांनी मोजलं. मग विश्वास बसेना म्हणून अंतर दाखवणाऱ्या दुर्बिणीनं मोजलं. ब्याऐंशी.

त्याच्या पुढच्या सकाळी सत्तर.

ती सकाळभर दारात बसून राहिली. पोरीच्या काठ्यांच्या अंतरांनी येत होता तो माणूस, एकेक काठी खाली उतरत. येतोय याचा आनंद होता, आणि हातांवरचे केस उभे होते, आणि दोन्ही एकाच वेळी होतं. तिला त्यातलं एकही खोटं वाटलं नाही. दुपारपर्यंत तिनं रॅकवरच्या साती पिशव्या उतरवून सगळ्यांच्या वेज सरळ करायला घेतल्या. सहा झाल्या. डॉक्टरांची राहिली, ती जुनी होती, तिला जपून हात लावायला हवा होता.

संध्याकाळी फोन आला.

"आई, सहाव्या वेळी शेवटच्या होलला बरोबर नव्वद राहिलं."

"मग?"

"मग काय, हात लटलट कापत होते. पुरी घुमवली. चेंडू भोकापासून चार फुटांवर बसला." मागं कुणीतरी हसत होतं, दारं आपटत होती. "यादीत नाव आहे. शेवटून दुसरं."

"शेवटून कशाला मोजतेस, बाई माझी!" ती मटकन खुर्चीत बसली.

"आई, मी त्या खळग्यात अंगठा घालून बघितला. काही नव्हतं. थंडगार माती. इथं नव्हते ते."

मिस्त्रीणबाईनं खिडकीतून मैदानाकडं बघितलं. उजेड उतरत चालला होता. ऐंशी, नव्वद, शंभर. तिन्ही पाट्या ओळीनं दिसत होत्या.

"नाहीत तिथं," ती म्हणाली. "इकडं आलेत."

चौथ्या दिवशी दवच पडलं नाही. आभाळ भरलेलं होतं, गवत सगळीकडं सारखंच सुकं, हिरवं. कुठं काही कळायला मार्ग नव्हता. लेकीच्या पिशवीत सत्तरच्या अलीकडं काठी नव्हतीच. तिथून पुढं सगळं हाताच्या अंदाजानं असतं.

दुपारी तिनं डॉक्टरांची वेज शिकंज्यात अडकवली. मानेला दांडा लावला, एक अंश सरळ केला, आणि उरलेले दोन तसेच ठेवले. हात पुसले. जेवायची वेळ झाली होती. दार ओढून घेतलं, कडी घातली नाही.

ती दुसरी पायरी उतरली तेव्हा आत शिकंज्याचा दांडा अर्धा आटा फिरला. तो आवाज ती झोपेतही ओळखेल.

ती वळली नाही.

"मांजर असेल," ती म्हणाली, जरा मोठ्यानं, आत ऐकू जाईल अशा बेतानं, आणि जेवायला गेली.